पाटी नसलेली बाग

मुंबईत राहून राणीची बाग पाहिली नाही, असे घर आपल्या वस्त्यांमध्ये शोधून सापडणार नाही. गावाकडून पाहुणे आले, मुलांना सुट्टी लागली, पगार हातात पडला, की डब्यात चपात्या आणि बटाट्याची भाजी बांधायची आणि भायखळ्याला उतरायचे, हा आपल्याकडे बापजाद्यांपासूनचा रिवाज. पण परतल्यावर मुलांना विचारा, काय पाहिले? पाणघोडा पाहिला, माकडे पाहिली, हल्लीची मुले पेंग्विन सांगतील. झाड पाहिले असे सांगणारे मूल विरळा. वास्तविक १८६२ साली ही बाग लोकांसाठी उघडली ती झाडांची बाग म्हणून. प्राणी मागून आले. आज जिला वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान म्हणतात, त्या बागेत ब्रह्मदेशातली उर्वशी आहे, आफ्रिकेतली गोरखचिंच आहे, दक्षिण अमेरिकेतला कैलासपती आहे. त्यांच्या बुंध्यांशी नावाच्या पाट्या आहेत. तिथे उभे राहून पाटी वाचायला पैसे पडत नाहीत, तरी आपण पुढे निघून जातो.

हा लेख आम्ही नवरा-बायको दोघे मिळून लिहीत आहोत. आमच्यापैकी एकाची तीस वर्षे मुंबईतल्या पालिकेच्या बागांमध्ये माळीकामात गेली. दुसरीची घर सांभाळून शिवणकामात. त्यामुळे झाडांचे वेड एकाला नोकरीने लावले आणि दुसरीला नवऱ्याने. शिकलेल्या माणसाला वनस्पतिशास्त्र म्हणजे काय ते पुस्तकातून कळते. आम्हाला ते पाट्यांवरून कळले. पाटीवर लॅटिन नाव, त्याखाली मराठी नाव, मग झाडाचे कूळ आणि मूळ देश. पाट्या रंगवायला जात, पुसायला लागत, पावसाने पडल्या की पुन्हा ठोकाव्या लागत. एका झाडाची पाटी दुसऱ्याला लागू नये याची काळजी घ्यावी लागे. कॉलेजची मुले वही घेऊन येत आणि पाटीवर असेल तेच लिहून नेत. पाटी हेच त्यांचे पुस्तक असे.

निवृत्त झाल्यावर मोबाइलवर फुलांचे फोटो काढण्याचा छंद आम्हाला जडला. बागेत पाऊस संपता संपता फोटो काढायला गेले, तर मात्र निराशा पदरी येते. भाद्रपद-आश्विनात बाग हिरवीगार असते, पण फुले थोडी. आपल्याकडच्या मोठ्या झाडांचा फुलायचा काळ बहुतेक फाल्गुन ते वैशाख. पळस, पांगारा, बहावा, ताम्हण ही सगळी उन्हाची झाडे. शरदाची फुले निराळी. ती असतात वीतभर, हातभर उंचीच्या रोपांची. पावसात उगवायचे, पाऊस सरायच्या आत फुलायचे, बी टाकायचे आणि ऑक्टोबरच्या उन्हात वाळून जायचे, एवढेच त्यांचे आयुष्य. बागेत अशा रोपांना तण म्हणतात आणि खुरप्याने काढून टाकतात. म्हणून शरदाची फुले पाहायची असतील तर बागेची भिंत ओलांडून डोंगराकडे जावे लागते.

तशी संधी आम्हाला २०२४ च्या सप्टेंबरात आली. आमची थोरली मुलगी जव्हार तालुक्यात जामसरच्या बाजूला पाड्यांवर आरोग्यसेविकेचे काम करते. तिचा फोन आला, "बाबा, फुलांचे फोटो काढायचे आहेत ना, मग इकडे या. आणि आईलाही आणा. मला तुमच्याकडून एक काम करून हवे आहे." काम काय ते तिने फोनवर सांगितले नाही. आम्ही लोकलने पालघर गाठले, तिथून मनोर, विक्रमगड करत एसटीने जव्हार आणि पुढे जीपने जामसर. विक्रमगड सोडले की गाडी चढणीला लागते, खिडकीतून गार वारा येतो आणि भातखाचरे पायऱ्यांसारखी दिसू लागतात. हा सगळा मुलूख पूर्वी ठाणे जिल्ह्यात होता. १ ऑगस्ट २०१४ पासून तो पालघर जिल्ह्यात आहे. वस्ती मुख्यतः वारली, कोकणा, महादेव कोळी, ठाकूर, कातकरी या आदिवासी समाजांची.

रात्री जेवताना मुलीने काम सांगितले. आदल्या हिवाळ्यात एका पाड्यावर दोन भावंडांनी रानातून कंद उकरून भाजून खाल्ला. काही तासांत उलट्या आणि जुलाब सुरू झाले. मुले वेळेत दवाखान्यात पोहोचली म्हणून वाचली. पण कंद कुठला होता, ते कुणालाच सांगता येईना. उरलेला तुकडा घरच्यांनी भीतीने फेकून दिला होता. तिला संशय कळलावीचा होता. तेव्हापासून तिच्या मनात होते, की आसपासच्या रानातल्या वनस्पतींचा एक मोठा तक्ता करावा, फोटोंसकट. खायच्या कुठल्या, विषारी कुठल्या, ते त्यावर स्पष्ट असावे. तो अंगणवाडीत आणि उपकेंद्रात लावावा. ती म्हणाली, "फोटो चुकला तर चालणार नाही. तुम्ही जन्मभर पाट्या लावल्यात, तुम्हीच करा."

आम्ही विचारात पडलो. बागेतली पाटी चुकली तर एखाद्या विद्यार्थ्याच्या वहीत चुकीचे नाव जाते. या तक्त्यावरची पाटी चुकली तर एखाद्याच्या ताटात विष जाईल.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. मुलीसोबत पाड्यावरच्या एक आजीबाई होत्या. वय सत्तरीच्या पुढे, हातात कोयता, पाय अनवाणी. मागे शाळेला रविवारची सुट्टी म्हणून आलेली चार-पाच मुले. आजीबाईंना मराठी कळत होते, पण बोलणे त्यांच्या वारलीतले. आम्हाला अडले की मुले समजावून सांगत.

गावाबाहेर कातळाचा उघडा तुकडा होता. त्यावर मातीचा पातळ थर, एखाद्या भाकरीएवढा. मोठे झाड तिथे मूळ धरू शकत नाही. पण त्या थरावर निळ्या-जांभळ्या फुलांचा सडा पडला होता. एकेक फूल तांदळाच्या दाण्याहून थोडे मोठे. ही सीतेची आसवे. माती पातळ, तिच्यात नायट्रोजन नावालाही नाही, मग हे रोप जगते कसे? त्याच्या मुळाशी, ओल्या मातीत, सुईच्या टोकाएवढे फुगे असतात. पाण्यातला बारीक जीव फुग्याच्या तोंडाशी आला की फुगा त्याला आत ओढून घेतो आणि पचवतो. वर पाहिले तर नाजूक फूल, खाली चाललेली शिकार! मुलांना हे सांगितले तेव्हा ती पोटावर झोपून मातीत डोळे घालून बघू लागली.

पुढे शेताच्या बांधावर तेरडा होता, गुलाबी आणि जांभळट. तेरड्याचा रंग तीन दिवस, ही म्हण आपण माणसांना लावतो. पण तेरडा बिचारा आपले काम चोख करतो. त्याची पिकलेली बोंडे बोटाने दाबली की फट्कन फुटतात आणि बिया हातभर लांब उडतात. कुणी वाहून न्यायची वाट तो बघत नाही. बागेतला तेरडा दुहेरी पाकळ्यांचा, गुलाबासारखा. रानातला एकेरी. पण मधमाशी रानातल्यावरच जास्त दिसली, कारण पाकळ्यांची गर्दी नसली की तिला मधापर्यंत वाट सापडते.

मग कवला दिसला. पिवळी फुले, त्यावर दोन लालसर ठिपके. मुले त्याला मिकी माउस म्हणतात, आणि खरोखर तो तसा दिसतो. आजीबाईंनी पाला खुडून दाखवला, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला याची भाजी. कुर्डूचे पांढरे-गुलाबी तुरे वाऱ्यावर डोलत होते. त्याचाही कोवळा पाला भाजीचा. भारंगीला फिकट निळी फुले आली होती. तिचा कोवळा पाला आणि फुले दोन्ही खातात, पण कडू म्हणून आधी उकडून पाणी फेकायचे. ओढ्याच्या काठी पेवा, लाल बोंडातून कागदासारखी पांढरी फुले काढणारा. त्याची पाने खोडाभोवती जिन्यासारखी वळत वर जातात. रानहळदीचा बहर संपत आला होता. दूर उतारावर खुरासणीची शेते नुकती पिवळी होऊ लागली होती. ही मात्र पेरलेली, तेलासाठी. खुरासणीचे फूल स्वतःच्याच परागाने दाणा धरत नाही, दुसऱ्या रोपाचा पराग लागतो. म्हणजे मधमाशी गेली की तेलही गेले.

फोटो काढण्याची रीत इथे थोडी सांगतो, कारण ती कुणालाही जमण्यासारखी आहे. आता प्रत्येक घरात मोबाइल आहे. सकाळी सात ते दहा हा वेळ उत्तम. भर उन्हात पांढरे फूल जळाल्यासारखे दिसते आणि पिवळे सपाट दिसते. ढग असतील तर चांगलेच. उभे राहून वरून फोटो काढू नये. गुडघे टेकावे, फुलाच्या उंचीला यावे. नुसत्या फुलाचा फोटो शोभेला ठीक, ओळख पटवायला अपुरा. म्हणून एका वनस्पतीचे निदान पाच फोटो घ्यावे. अख्खे रोप, पानाची वरची व खालची बाजू, फूल समोरून, फूल बाजूने, आणि फळ किंवा बोंड. शेजारी एक रुपयाचे नाणे ठेवावे म्हणजे आकार कळतो. नाणे धरायचे काम आम्ही एका चुणचुणीत मुलीला दिले होते. तिने ते इतके मनावर घेतले की फूल संपल्यावर पालीशेजारी, बेडकाशेजारीही नाणे धरून ती आम्हाला हाका मारू लागली.

आणि शेवटी कुंपणावर चढलेली कळलावी दिसली. ती ओळखण्यात चूक व्हायची नाही. पाकळ्या मागे वळलेल्या, कडा लहरीदार, खाली पिवळ्या आणि वर लाल, जणू चुलीतला जाळ. म्हणूनच तिला अग्निशिखाही म्हणतात. तिच्या पानाचे टोक लांब होऊन तारेसारखे वळते आणि कुंपणाला धरते. आफ्रिकेतल्या झिंबाब्वेचे हे राष्ट्रीय फूल, आणि आपल्या देशातल्या तामिळनाडूचे राज्यफूल. आपल्याकडे मात्र हे घरात आणले की भांडणे होतात असे मानतात. भांडणे फुलाने होत नाहीत, ती माणसेच लावतात. खरी भीती निराळी आहे. या वेलाचा प्रत्येक भाग विषारी आहे, आणि सर्वांत विषारी जमिनीतला कंद. त्यातल्या विषाला कोल्चिसिन म्हणतात. उकडून किंवा भाजून ते जात नाही. डॉक्टर हेच द्रव्य अगदी मोजक्या मात्रेत संधिवाताच्या एका प्रकारावर देतात, पण ते मोजून देतात.

आम्ही फुलाचे दहा-बारा फोटो काढले. सुंदर आले. मुलगी ते पाहत बसली आणि एकदम म्हणाली, "आई, याचा काही उपयोग नाही."

आम्हाला कळेना. तिने सांगितले ते ऐकून मात्र आम्ही गप्प झालो. फूल येते आत्ता, ऑगस्ट-सप्टेंबरात. मुले कंद उकरतात दिवाळीनंतर, हिवाळ्यात. तोवर वेल वाळून पडलेला असतो. म्हणजे फूल असते तेव्हा धोका नसतो, आणि धोका असतो तेव्हा फूल नसते. फुलाचा फोटो भिंतीवर लावून मुलाच्या हातातला कंद कसा ओळखणार?

आजीबाईंनी यावर वाद घातला नाही. त्या वेलाच्या बुडाशी बसल्या आणि कोयत्याने हळूहळू माती सारू लागल्या. मुलीने त्यांच्या हाताला प्लास्टिकची पिशवी बांधली. वीतभर खाली कंद लागला. दोन बोटे कोनात धरावीत तसा तो दोन फांट्यांचा होता. संस्कृतात कळलावीला लांगली म्हणतात, म्हणजे नांगरासारखी. ते नाव कुणी ठेवले असेल त्याने फूल पाहून नव्हे, कंद पाहून ठेवले आहे! जो जमीन खणतो त्याचेच ते निरीक्षण. कंदाचे फोटो काढले, नाणे ठेवून काढले, कापून आतला पांढरा भाग दाखवून काढले. मग आजीबाईंनी कंदाचा उरलेला भाग जागेवर पुरला. तोही जगला पाहिजे, असे त्या म्हणाल्याचे मुलांनी सांगितले.

दुपारी अंगणात बसून तक्ता आखायला घेतला. मुलीची कल्पना सोपी होती. खायच्या वनस्पतींना हिरवी चौकट, विषारींना लाल. आजीबाई एकेक फोटो हातात घेत आणि डावीकडे किंवा उजवीकडे ठेवत. शेवळे हिरव्यात जातील असे आम्ही धरून चाललो होतो, कारण पावसाच्या तोंडावर ठाणे-पालघरच्या बाजारात ती जुड्यांनी विकायला येतात. मुलीकडे जूनमध्ये काढलेला त्यांचा फोटो होता. आजीबाईंनी मान हलवली. काकडांशिवाय शेवळे शिजवली तर घसा खाजून माणूस हैराण होतो. कडूकंदाचेही तसेच. तो कापून, राखेत उकडून, वाहत्या पाण्यात रात्रभर ठेवून मगच खायचा. तसाच खाल्ला तर बाधतो. त्यांचे म्हणणे असे, की नुसते "खायचे" असे लिहिले तर ते खोटे होईल.

म्हणून तक्त्यात तिसरी, पिवळी चौकट आली. आणि प्रत्येक चौकटीत एक ओळ वाढली, "काय करून". तीस वर्षे आमच्यापैकी एकाने ज्या पाट्या रंगवल्या त्यांवर नाव होते, कूळ होते, देश होता. "काय करून" ही ओळ कधी नव्हती. बागेत तिची गरज नसते, तिथले झाड कुणी शिजवत नाही. इथे ज्ञान आहे ते त्या ओळीत आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. भाद्रपदात फुले बघायला शहरातून माणसे डोंगराकडे जातात. साताऱ्याजवळचे कासचे पठार पश्चिम घाटातल्या इतर ठिकाणांबरोबर २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले, आणि तिथे एवढी गर्दी होऊ लागली की माणसांच्या संख्येवर मर्यादा घालावी लागली. फुलांपेक्षा फोटो काढणारे जास्त, आणि त्यांच्या बुटांखाली गेलेली फुले वेगळीच. पावसाळ्यात भिक्खूंनी एका जागी राहावे, हा वर्षावासाचा नियम का झाला ते आपल्या घरांत ठाऊक आहे. चालणाऱ्यांच्या पायांखाली हिरवे गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, ही लोकांची तक्रार होती. अडीच हजार वर्षांनंतरही ती तक्रार शिळी झालेली नाही. जायचे असेल तर पायवाटेवरून जावे, आणि फूल तोडू नये.

पण जव्हार-मोखाड्यात भाद्रपदाला दुसराही एक अर्थ आहे. हा फुलांचा महिना, आणि हाच पोटाच्या चिमट्याचा महिना. गेल्या वर्षीचे धान्य श्रावणात संपते. हळवे भात दसऱ्याच्या सुमारास हाती येते, गरवे दिवाळीनंतर. मधल्या काळात लावणी झालेली, मजुरी नाही, आणि पाऊस. १९९२ साली याच जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणी भागात शंभराहून अधिक बालके कुपोषणाने आणि आजाराने दगावली. त्या बातमीने सारा महाराष्ट्र हादरला होता. तेव्हापासून पुष्कळ काही झाले. अंगणवाड्या वाढल्या. २०१५ पासून डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून आदिवासी भागातल्या गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण मिळू लागले. आमच्या मुलीसारख्या कित्येक जणी पावसात ओढे ओलांडून वजनकाटा घेऊन पाड्यापाड्यावर जातात. तरीही कंद उकरायला मूल रानात जाते, ते हौसेने जात नाही, हे विसरून चालणार नाही. तक्ता विषापासून वाचवील. भूक भागवणे तक्त्याचे काम नव्हे.

भातकापणी झाली, दिवाळी झाली, की पाड्यांवरची कुटुंबे भिवंडी, वसई, कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. मुलेही बरोबर जातात आणि शाळेचा पट निम्म्यावर येतो. नाणे धरणाऱ्या मुलीला आम्ही विचारले, दिवाळीनंतर तू कुठे? तिने भट्टी म्हणून उत्तर दिले, जसे आपली मुले मामाच्या गावाला म्हणतात. गेल्या काही वर्षांत या बाजूला एक चांगली गोष्ट दिसते. जव्हार, मोखाडा, विक्रमगड भागातल्या आदिवासी शेतकऱ्यांनी मोगरा लावला आहे. त्यांच्या कळ्या दादरच्या फूलबाजारात येतात. ज्यांच्या शेतात मोगरा आणि थोडे पाणी आहे, त्यांना भट्टीवर जावे लागत नाही. दादरला आपण पाव किलो मोगरा घेताना घासाघीस करतो, तेव्हा त्या टोपलीत कुणाच्या तरी मुलीची शाळा असते.

तक्ता तयार झाला. वीस वनस्पती. नऊ हिरव्या, सात पिवळ्या, चार लाल. कळलावी सर्वांत वर, फुलासकट आणि कंदासकट. खाली मोठ्या अक्षरांत मुलीने लिहून घेतले, की कंद खाऊन उलट्या सुरू झाल्या तर घरगुती उपाय करत बसू नये, लगेच दवाखाना गाठावा, आणि खाल्लेल्याचा उरलेला तुकडा बरोबर न्यावा. जव्हारला झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रती काढून लॅमिनेशन करून घेतले.

तळाशी काय लिहायचे यावर आमच्यात चर्चा झाली. फोटो कुणाचे, ते लिहावे असे मुलगी म्हणाली. आमच्यापैकी एकाला तेव्हा नोकरीत असताना ऐकलेली गोष्ट आठवली. सतराव्या शतकात केरळात कोचीनला व्हान ऱ्हीड नावाचा डच अधिकारी होता. त्याने मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ करवून घेतला, "हॉर्टस मलबारिकस". तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. त्यात सातशेहून अधिक वनस्पती आहेत, चित्रांसकट. कळलावीसुद्धा आहे, मेंदोनी या मल्याळी नावाने. या कामात तीन कोकणी ब्राह्मण वैद्य होते. पण वनस्पतींची बहुतांश माहिती दिली ती इट्टी अच्युदन नावाच्या वैद्याने. तो एझवा समाजाचा, म्हणजे ज्यांना त्या काळी वरचे लोक शिवून घेत नसत त्यांपैकी. ग्रंथाच्या पहिल्याच खंडात त्याची साक्ष त्याच्याच लिपीत छापलेली आहे. पुढे १७५३ साली लिनियसने वनस्पतींना लॅटिन नावे दिली. कळलावीला त्याने ग्लोरिओसा सुपर्बा म्हटले, आणि तिच्याखाली त्या मलबारी ग्रंथातल्या मेंदोनीचा दाखला दिला. जगभरच्या बागांतल्या पाट्यांवर आज लिनियसचे नाव येते, आणि ते योग्यच आहे. पण इट्टी अच्युदनचे नावही साडेतीनशे वर्षे टिकले, ते केवळ कुणीतरी छापले म्हणून. न छापलेली नावे किती असतील?

म्हणून तक्त्याच्या तळाशी फोटो काढणाऱ्यांच्या आधी माहिती देणाऱ्या आजीबाईंचे नाव आले, पूर्ण नाव, आडनावासकट. त्यांना वाचता येत नाही. मुलांनी बोट ठेवून दाखवले, तेव्हा त्यांनी त्या अक्षरांवरून दोनदा बोट फिरवले आणि मग कवल्याचा फोटो उलटा छापला गेला आहे असे सांगितले. खरोखरच तो उलटा होता. प्रत दुरुस्त करून घेतली. त्यांचे नाव आम्ही इथे देत नाही, कारण तक्त्यासाठी त्यांची परवानगी घेतली होती, साप्ताहिकासाठी नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्यापैकी अनेकांची गावे कोकणात, घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात आहेत. दिवाळीला आपण गावी जातो. आपल्याही आज्या-मावश्यांनी दुष्काळात, कामाच्या दिवसांत, रानचा पाला आणि कंद शिजवून घरे जगवली. त्या दिवसांची आपल्याला लाज वाटावी असे त्यात काही नाही. यंदा जाताना मोबाइल रिकामा करून न्या. आजीला सकाळी बांधावर घेऊन जा. एकेका रोपाशी तिला थांबवा, पाच फोटो घ्या, नाणे ठेवा. नाव विचारा, आणि नाव सांगितल्यावर थांबू नका, "काय करून?" असेही विचारा. तिचा आवाज मोबाइलवर घेऊन ठेवा. लॅटिन नाव नंतर कॉलेजातला कुणीही शोधून देईल. आजीने सांगितलेली ओळ दुसरे कुणी देणार नाही. आणि खात्री नसलेला कंद, पाला किंवा अळंबी केवळ फोटो पाहून कधीही खाऊ नका, मग तो फोटो आमचा असला तरीही.

मुंबईतल्यांनी मुलांना राणीच्या बागेतही न्यावेच. फक्त पिंजऱ्यांकडे जायच्या आधी एका झाडाशी पाच मिनिटे थांबावे आणि पाटी मुलाकडून मोठ्याने वाचून घ्यावी. जामसरच्या अंगणवाडीतली मुले आता रोज सकाळी तक्ता वाचतात, असे मुलीचे पत्र आहे. लाल चौकटीपासून सुरुवात करतात म्हणे.